१ सप्टेंबर १९४० चे भाडे

१ सप्टेंबर १९४० रोजी रविवार होता. मुंबई शहराच्या इतिहासात हा दिवस कोणत्याही मोठ्या घटनेसाठी ओळखला जात नाही. युरोपात महायुद्ध पेटून एक वर्ष झाले होते आणि महागाईची झळ इकडेही लागू लागली होती, इतकेच. तरीही या एका तारखेने पुढे जवळजवळ साठ वर्षे मुंबईतील लाखो संसारांवर राज्य केले. त्या दिवशी ज्या खोलीचे जे भाडे होते, तेच तिचे कायदेशीर भाडे. त्यापेक्षा अधिक मागणे हा गुन्हा, असे सरकारने ठरविले. गिरगाव, माझगाव, भायखळा, लालबाग, परळ येथील चाळींत जन्मलेल्या तीन पिढ्या या तारखेच्या आधाराने जगल्या, आणि त्याच चाळींच्या मालकांच्या तीन पिढ्या तिच्या नावाने बोटे मोडत राहिल्या.

आमच्या वाचकांत दोन्ही बाजूंची मंडळी आहेत, हे आम्ही जाणतो. घर आशीर्वादित करावयास गेलो असता घरमालकाच्या ओसरीवर आम्ही जे ऐकतो, त्याच्या नेमके उलटे त्याच वाड्याच्या मागल्या खोलीत भाडेकरूच्या तोंडून ऐकतो. दोघेही खोटे बोलत नसतात. म्हणूनच हा तंटा मुळात उभा कसा राहिला, हे एकदा नीट पाहावे असे आम्हांस वाटले.

भाडे गोठविण्याची कल्पना मूळची मुंबईची नव्हे. १९१५ साली स्कॉटलंडातील ग्लासगो शहरात जहाजांच्या व दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामासाठी हजारो माणसे आली. घरे तेवढीच राहिली आणि मालकांनी भाडी वाढविली. पुष्कळ घरांतील पुरुष आघाडीवर होते. तेव्हा मेरी बार्बर आणि त्यांच्यासारख्या अन्य स्त्रियांच्या पुढाकाराने तेथील गृहिणींनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले. घर रिकामे करविणारा अंमलदार गल्लीत शिरला की घंटा वाजे आणि साऱ्या शेजारणी वाट अडवून उभ्या राहत. कारखान्यांतील कामगार त्यांना येऊन मिळाले, तेव्हा सरकार हलले. त्याच वर्षाअखेर ब्रिटिश पार्लमेंटने युद्धापुरता म्हणून कायदा केला आणि ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर भाडी बांधून टाकली. हा 'युद्धापुरता' कायदा रूपे बदलत इतका टिकला की नव्या भाडेकरारांवरील ते नियंत्रण उठण्यास १९८८ चा कायदा यावा लागला. तात्पुरत्या कायद्यांचे आयुष्य बहुधा असेच असते.

मुंबईत हे वारे १९१८ साली आले. त्यापूर्वीची परिस्थिती थोडक्यात सांगावयास हवी. १८९६ साली शहरात प्लेग आला. दाट वस्तीच्या चाळी हे त्याचे माहेरघर ठरले. १८९८ साली सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला व त्याने नवे रस्ते काढण्यासाठी जुनी वस्ती पाडावयास आरंभ केला. पाडापाडी झपाट्याने झाली, बांधणी मात्र रेंगाळली. इकडे गिरण्या वाढतच होत्या आणि कोकणातून, घाटावरून व गोव्यातून माणसे येतच होती. ज्याच्याजवळ जमिनीचा तुकडा आणि चार पैसे होते, त्याला चाळ बांधणे ही भरवशाची ठेव वाटे. बँकेवर विश्वास नसलेल्या त्या काळात वीस खोल्यांची चाळ म्हणजे म्हातारपणाची काठी, मुलीच्या लग्नाची सोय आणि विधवेचे निवृत्तिवेतन होते. मुंबईचा घरमालक म्हटला की लठ्ठ सोन्याची साखळी घातलेला शेठ डोळ्यांपुढे आणण्याची आपल्या नाटक-सिनेमांना सवय आहे. तसे शेठ होतेच. पण एका चाळीवर सारे कुटुंब पोसणारे मालकही पुष्कळ होते.

पहिल्या महायुद्धाच्या महागाईत भाडी वाढली आणि १९१८ साली मुंबई सरकारने युद्धकालीन भाडेनियंत्रणाचा कायदा केला. तो पुढे दहाएक वर्षे चालून संपला. याच सुमारास या प्रश्नाचे दुसरे उत्तरही शोधले जात होते. १९१५ साली रावबहादूर तालमकी यांच्या प्रयत्नाने गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहसंस्था उभी राहिली. १९१८ साली वांद्रे येथे साष्टी कॅथलिक सहकारी गृहसंस्था स्थापन झाली. मालकाची आणि भाडेकरूची भूमिका एकाच माणसाने बजावावी, हा सहकाराचा मार्ग होता. तो यशस्वीही झाला. परंतु ज्यांच्याजवळ भागभांडवल भरण्याची ऐपत होती त्यांच्यापुरता. गिरणी कामगाराला तो परवडणारा नव्हता.

सरकारने स्वतः घरमालक होऊन पाहिले, त्याची कथा याहून बोधप्रद आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात १९२० साली विकास खाते निघाले आणि त्याने पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी व सुमारे सोळा हजार खोल्या झाल्या. त्याच आजच्या बी.डी.डी. चाळी होत. त्या काँक्रीटच्या, अंधाऱ्या खोल्या कामगारांना तुरुंगासारख्या वाटल्या आणि आरंभी त्यांतील कित्येक रिकाम्या पडून राहिल्या. खासगी मालकाला दूषणे देणाऱ्या सरकारलाही घर बांधणे, ते परवडेल अशा भाड्याने देणे आणि पुन्हा हिशेब जुळविणे या तिन्ही गोष्टी एकत्र साधल्या नाहीत.

दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ आणि १९४४ साली पुन्हा भाडेनियंत्रणाचे कायदे आले. मग स्वातंत्र्य आले, फाळणी झाली. सिंधमधून निर्वासितांचे लोंढे मुंबई बंदरात उतरले. अशा वेळी भाडी मोकळी सोडणे म्हणजे दंगलीला आमंत्रण देणे होते. १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. त्यातील मुख्य कलमे आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असत. १ सप्टेंबर १९४० चे भाडे हे प्रमाणभाडे. ते भाडेकरू देत आहे तोवर त्याला हलविता येणार नाही. त्याच्या मृत्यूनंतर सोबत राहणारे कुटुंबीय भाडेकरू होतील. मालकाला स्वतःसाठी जागा हवी असेल तर खरी गरज सिद्ध करावी लागेल आणि जागा सोडल्याने भाडेकरूला होणारे हाल मालकाच्या हालांशी ताडून पाहिले जातील. या सर्व दाव्यांचे ठिकाण म्हणजे लघुवाद न्यायालय. धोबीतलावच्या त्या इमारतीच्या पायऱ्या झिजविण्यात मुंबईच्या किती कुटुंबांची आयुष्ये गेली असतील!

हा कायदा वाईट होता असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार बंद झाला. वर्ष उलटले तरी संप मिटला नाही. त्या काळात लालबाग-परळच्या कित्येक घरांत भांडी विकली गेली, मुलांच्या शाळा सुटल्या. पण डोक्यावरचे छप्पर राहिले, कारण खोलीचे भाडे हे काही रुपयांतच होते. धोबीतलावच्या जेर महालातील गोमंतकीयांचे कूडही याच आधाराने टिकले. बोटीवरून उतरलेल्या किंवा बोटीची वाट पाहत थांबलेल्या गावच्या माणसाला नाममात्र पैशांत खाट, पेटी ठेवण्यापुरती जागा आणि संध्याकाळच्या तेर्साला सोबत मिळे. बाजारभावाने भाडे आकारले असते तर हे क्लब केव्हाच नाहीसे झाले असते. गिरगावातील मध्यमवर्गाची नाट्यवेडी, वाचनवेडी संस्कृती तरी कशावर उभी होती? उत्पन्नाचा मोठा वाटा भाड्यात जात नव्हता, हेही तिचे एक कारण होते.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब मांडू. समजा, वीस खोल्यांची एक चाळ आहे आणि प्रत्येक खोलीचे भाडे आठ रुपये आहे. महिन्याचे एकशे साठ रुपये झाले. १९४० साली त्यात मालकाचा संसार चालत असे आणि दर दोन-चार वर्षांनी चुना, कौले, मोऱ्यांची डागडुजीही होई. १९७० साली त्याच एकशे साठ रुपयांत गवंडी आणि सुतार काही दिवसच काम करील. १९९० साली त्या रकमेत जिन्याचा एक कठडाही नीट होणार नाही. कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी मालकावरच ठेवली होती. परंतु ती पार पाडण्याचे साधन त्याच कायद्याने काढून घेतले होते. मालकाने दुरुस्ती थांबविली. मुंबईचा पाऊस थांबत नाही. सागवानी खांब कुजले, सज्जे लोंबू लागले, आणि भाडेकरू म्हणू लागले की मालक मुद्दाम चाळ पाडू पाहत आहे. काही मालकांच्या बाबतीत ते खरेही होते. कोसळलेल्या चाळीची जमीन मोकळी होते, हे त्यांना उमगले होते.

मुंबई महानगरपालिकाही या जाळ्यात सापडली, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. घरपट्टीची आकारणी भाड्याच्या आधारे होत असल्याने भाडे गोठले तसे पालिकेचे उत्पन्नही गोठले. भांडवली मूल्यावर आधारलेली करपद्धती मुंबईत २०१० पासून लागू झाली, तोवर पिढ्यान्‌पिढ्या हे असेच चालले.

कायदा जे देत नाही ते माणसे आपसांत उभे करतात. पागडीचा जन्म असा झाला. पागडी हे वास्तविक मानाचे वस्त्र. पण मुंबईत तिचा अर्थ हातोहात देण्याची काळी रक्कम असा झाला. जुना भाडेकरू जागा सोडताना नव्याकडून मोठी रक्कम घेई आणि भाडेपावती नव्या नावावर करून देण्यासाठी मालक त्यातील साधारण तिसरा हिस्सा मागे. १९४७ च्या कायद्याप्रमाणे हा गुन्हा होता आणि त्यासाठी तुरुंगवासाची तरतूद होती. तरीही रविवारची मिस्सा चुकविणार नाहीत अशा सज्जनांनीही पागड्या दिल्या आणि घेतल्या. ज्या व्यवहारावाचून शहरात घरच मिळत नाही, तो पाप म्हणून सांगणे उपदेशकालाही जड जाते. यातून एक विचित्र प्राणी निर्माण झाला : पागडीवाला भाडेकरू. त्याने घराची जवळजवळ पूर्ण किंमत मोजलेली असते, पण कागदावर तो महिना पंधरा-वीस रुपयांचा भाडेकरूच असतो. घर त्याचेही नसते आणि मालकाचेही नसते.

सरकार अधूनमधून ठिगळे लावीत होते. १९५९ साली तोवरच्या पोटभाडेकरूंना संरक्षण मिळाले. कायदा टाळण्यासाठी मालकांनी भाडेकराराऐवजी 'लिव्ह अँड लायसन्स'चा, म्हणजे केवळ वापराच्या परवान्याचा मार्ग काढला होता. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवान्यावर राहत असलेल्या सर्वांना भाडेकरू मानले. ज्यांना छप्पर मिळाले त्यांना तो दिवस सोन्याचा वाटला असेल. परंतु ज्यांच्याकडे जादा खोली होती, अशा साऱ्या मुंबईने त्यापासून एक धडा घेतला तो आजवर पुसला गेलेला नाही : खोली रिकामी ठेवा, कुलूप लावा, पण कोणाला आत घेऊ नका. आज मुंबई व तिच्या उपनगरांत लाखोंच्या संख्येने घरे बंद आहेत आणि त्याच वेळी नवविवाहित जोडप्यांना जागा मिळत नाही. या कोड्याचे एक मूळ येथे आहे. गिरगाव-माझगावात भाड्याची खोली न मिळालेली कुटुंबे मीरा रोड, नालासोपारा, वसई, विरारकडे सरकली. आपल्या वाड्या आणि शेते इमारतींखाली गेली, त्यामागे बिल्डरांची हाव होतीच. पण मुंबईत भाड्याने घर मिळेनासे झाले, हेही एक कारण होते. हरित वसईच्या लढ्याची चर्चा करताना आपण हा धागा सहसा विसरतो.

१९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. बेट-शहरातील १९,६४२ जुन्या इमारतींवर उपकर बसविण्यात आला आणि त्या पैशातून सरकारने दुरुस्ती करावी असे ठरले. पुढे हे काम म्हाडाकडे गेले. टेकूंवर उभ्या असलेल्या अनेक चाळी या मंडळाने वाचविल्या, हे मान्य करावयास हवे. परंतु टेकू म्हणजे पाया नव्हे. त्यांतील सुमारे तेरा हजार इमारती अजून उभ्या आहेत. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत सकाळच्या वेळी कोसळली आणि ३३ माणसे गेली. शंभराहून अधिक वर्षांची ती इमारत पुनर्विकासाच्या योजनेत होती. काही कुटुंबे तात्पुरत्या घरांत गेली होती, काही राहिली होती. का राहिली असतील? एकदा घर सोडले की परत मिळेल याची हमी नाही, ही भीती मुंबईच्या प्रत्येक जुन्या भाडेकरूच्या हाडीमासी भिनलेली आहे. संक्रमण शिबिरांत म्हातारे झालेले लोक त्याने पाहिलेले असतात.

मालकांनी न्यायालयात धाव घेतली. १९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात निकाल दिला की, १९४० च्या पातळीवर भाडे बांधून ठेवणे काळाच्या ओघात अवाजवी झाले आहे. पण कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपणार होती व नवा कायदा येऊ घातला होता, म्हणून न्यायालयाने तो तेथल्या तेथे रद्द केला नाही. नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने जुन्या भाड्यात पाच टक्के वाढ दिली आणि पुढे दरवर्षी चार टक्के. आमच्या उदाहरणातील आठ रुपयांची खोली घ्या. पाच टक्क्यांनी ती आठ रुपये चाळीस पैशांची झाली. चार टक्के चक्रवाढीने धरले तरी पंचवीस वर्षांनंतर तिचे भाडे साडेबावीस रुपयांच्या आतच राहते. साठ वर्षांची तारीख मागे पडली खरी, पण तिची सावली तशीच राहिली. याच कायद्याने पागडीला मात्र राजमान्यता दिली. अर्धशतक जो गुन्हा होता तो एका कलमाने व्यवहार झाला.

आमच्या धर्मग्रामांत ज्यांनी घराला एखादा मजला चढवून किंवा मागे दोन खोल्या बांधून त्या भाड्याने दिल्या आहेत, त्यांच्यासाठी या कायद्यातील एक गोष्ट येथे स्पष्ट सांगतो, कारण याविषयी गैरसमज फार आहे. 'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' असे सर्रास सांगितले जाते. महाराष्ट्रात ते खरे नाही. १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार भाड्याचा किंवा लायसन्सचा प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, मुदत कितीही असो. ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही आणि वाद झाला, तर अटींविषयी राहणारा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय दंड वा कैदेची तरतूद आहेच. उलट, नोंदणीकृत लायसन्सची मुदत संपूनही कोणी जागा सोडली नाही, तर सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते. शेजारच्याच मुलाला दिली आहे, कागद कशाला, ही भलाई पुढे दोन घरांत कायमचा अबोला निर्माण करते, असे आम्ही वारंवार पाहिले आहे.

जुन्या चाळींचा प्रश्न मात्र कागदाने सुटणारा नाही. १९८६ साली म्हाडा कायद्यात एक प्रकरण घातले गेले. सत्तर टक्के भाडेकरू एकत्र आले तर मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम मालकाला देऊन इमारत सरकारने घ्यावी व भाडेकरूंच्या संस्थेला द्यावी, अशी ती तरतूद होती. मालकांची संघटना १९९२ साली सर्वोच्च न्यायालयात गेली. त्यातून निघालेला घटनात्मक प्रश्न नऊ न्यायमूर्तींपुढे गेला आणि त्याचे उत्तर ५ नोव्हेंबर २०२४ रोजी मिळाले : प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. ज्यांनी अर्ज केला त्यांतील किती जण हे ऐकण्यास जिवंत होते, कोण जाणे. दरम्यान १९९१ च्या विकास नियमावलीने पुनर्विकासाचे दार उघडले होते. जादा चटईक्षेत्र घ्या, भाडेकरूंना फुकट घर द्या, उरलेले विका, असा तो सौदा. मालक, भाडेकरू आणि बिल्डर या तिघांचेही त्यात भले व्हावे अशी अपेक्षा होती. जेथे जमीन मोठी आणि रस्ता रुंद, तेथे तसे झालेही. अरुंद गल्लीतील लहान चाळीकडे बिल्डर फिरकला नाही. खोताचीवाडीसारख्या ठिकाणी नेमकी उलटी आपत्ती आली : लाकडी जिन्यांची, व्हरांड्यांची बैठी घरे एकेक करून गेली आणि मधोमध उंच इमारती उभ्या राहिल्या.

सध्या पुनर्विकासाच्या बोलण्यांत ज्या अडचणीवर गाडी बहुधा अडते, ती वारसांची. मालमत्ता पत्रकावर अजून पणजोबांचे नाव असते. त्यांचे वारस वसईत, गोव्यात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात विखुरलेले असतात. एकाची सही मिळते, दुसऱ्याचे मुखत्यारपत्र येत नाही, तिसऱ्याने आपला हिस्सा कोणास तरी लिहून दिलेला असतो. भाडेकरूंकडेही तीच तऱ्हा. भाडेपावती आजोबांच्या नावाने, तेव्हा सोबत कोण राहत होते याविषयी भावंडांत वाद, आणि थोरला म्हणतो की बहिणीचे लग्न झाले म्हणजे तिचा हक्क संपला. अशा एका चाळीची कागदपत्रे अलीकडे आमच्या पाहण्यात आली. मालमत्ता पत्रकावरील मालक दिवंगत, भाडेपावतीवरील भाडेकरूही दिवंगत. त्या दोघांनी महायुद्धापूर्वी केलेल्या व्यवहारावर तेथे आज एकवीस कुटुंबे राहत आहेत, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याच दोन नावांची पावती अजून फाडली जाते.